मुझहिरच्या कवितेतलं माझं वांगं

मुझहिरचा दात पडला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पुढचा, वरचा, डावीकडचा दात. खाकीवाल्यांनी त्याला बोलावून नेलं, दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तो परत आला तो तोंडात हे एवढं भगदाड घेऊन. आमचं सगळं हिल्ला गाव त्याला बघायला लोटलं. माझी बायको नजिहा मसुराचं सूप घेऊन गेली. मसुराचं! इराकवरच्या नाकेबंदीचे दिवस होते ते, रेशनला मसूर यायचा माणशी मूठभर. आमच्या घरचा महिन्याचा मसूर त्या भगदाडातून मुझहिरच्या पोटात गेला आणि मी घरी वांगं खाल्लं.

मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. आरशापुढे उभा राहून मी माझे दात मोजले. सगळेच्या सगळे जागेवर. लाज वाटली.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस काय दाताचा हेवा करतो? पण त्या काळात कवीचा दात म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. मुझहिर शाळेत भूगोल शिकवायचा आणि कविता करायचा. मी कोर्टासमोर छत्रीखाली पत्र्याचं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचो आणि कविता करायचो. वय सारखं, चष्म्याचा नंबरसुद्धा सारखा. फरक एवढाच, की हाजी तुअमाच्या चहाखान्यात मुझहिरनं ओळ टाकली की बाकांवरून आरोळी उठायची, "पुन्हा! उस्ताद, पुन्हा!" आणि मी ओळ टाकली की कुणीतरी म्हणायचं, "हाजी, दोन चहा."

मुझहिर स्वतः तर माझ्या ओळीला डोमिनोच्या सोंगट्या मोजायचा. एकदासुद्धा मान वर केली नाही त्यानं. त्याच्या तोंडून एक 'पुन्हा' ऐकायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

महानेत्यांवर मीही कविता केली होती की! चांगली झणझणीत. गावात झाडांपेक्षा त्यांच्या तसबिरीच जास्त, आता पाखरांनी बसायचं कुठं, असं काहीतरी. वर्तमानपत्राला पाठवली आणि घरी येऊन पिशवीत चड्डी, साबण, मोजे भरून तयार बसलो. येऊ दे खाकीवाले! चार दिवसांनी कविता छापून आली. भोवती फुलांची महिरप, मध्ये महानेत्यांचा फोटो आणि वर मथळा, 'झाडांहून उंच!' संपादकानं खाली मानधन घेऊन जायचा निरोप दिला होता. चहाखान्यात हाजी तुअमानं मला मिठी मारली. "अबू सुहा, तुझ्या पोरीला आता सरकारी कॉलेजात जागा पक्की," म्हणाला. माझी पोर सुहा, म्हणून मी अबू सुहा, सुहाचा बाप. मुझहिर नुसता हसला. तेव्हा दात होता त्याला.

आणि मुझहिरची ती चारोळी? ती कुठं छापलेली नव्हती, कुठं लिहिलेली नव्हती. पण न्हाव्यापासून दाईपर्यंत सगळ्यांना पाठ.

दारात कोण? घरात कोण? कुणापुढे झुकते मान?
सकाळी तोच, दुपारी तोच, स्वप्नातसुद्धा त्याचीच शान.
लेकरांच्या आधी ताटावर बसतो, असा घरचा यजमान,
ओळखा पाहू, शेजाऱ्यांनो, कोण हा? हा तर...

इथं तो थांबायचा. बस्स. पुढचा शब्द तो कधी म्हणायचाच नाही. चहाचा घोट घ्यायचा आणि छताकडे बघायचा. आमच्याकडे कविता ऐकणारा माणूस गप्प बसत नाही. यमक कळलं की कवीच्या आधी शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर, आणि तो बरोबर आला की त्याला स्वतःच कविता केल्यासारखं वाटतं. त्यामुळे चहाखान्यात तीस माणसांचे ओठ एकदम हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. सैतान. आणि मग तीच आरोळी, "पुन्हा!"

खाकीवाल्यांनी दोन दिवस त्याला हेच विचारलं. शेवटचा शब्द काय? हा म्हणाला, "मला सुचलेला नाही साहेब. कविता अपुरी आहे." दात पडला तरी अपुरीच!

नजिहा वांगी तळता तळता तीच चारोळी गुणगुणायची. मी म्हणायचो, "माझी एखादी म्हण की." ती म्हणायची, "तुझी कुठली? ती महिरपवाली?"

तर त्या एप्रिलमध्ये महानेत्यांचा वाढदिवस आला आणि पक्षाचे कॉम्रेड सबरी यादी घेऊन चहाखान्यात आले. कॉम्रेड सबरी तसे वाईट माणूस नव्हते. कवितेचा भारी शौक. डोळे मिटून ऐकायचे, मांडीवर ठेका धरायचे. पण कमरेला पिस्तूल असायचं, त्यामुळे त्यांचं कौतुक करायचं की त्यांना घाबरायचं, हे लोकांना ठरवता यायचं नाही.

"गुरुवारी अकरा वाजता युवक सभागृह," कॉम्रेड म्हणाले. "गावातले सात कवी. प्रत्येकी चार ते आठ ओळी. महानेत्यांच्या स्तुतीपर. उस्ताद मुझहिर, तुमचं नाव तिसरं. गैरसमज दूर करायची संधी आहे ही, कळलं ना?"

"कळलं," मुझहिर म्हणाला. भगदाडातून हवा गेली.

मी सातही नावं ऐकली. मग म्हटलं, "कॉम्रेड, एक नाव राहिलं वाटतं."

"कुणाचं?"

"मी... म्हणजे शाकिर. अबू सुहा. अर्ज लिहितो तो."

"अच्छा, तुम्ही! नाही नाही, तुम्ही प्रेक्षकांत. टाळ्या वाजवणारी भरवशाची माणसं पण लागतातच की."

हाजी तुअमानं लगबगीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

कॉम्रेड गेल्यावर मी मुझहिरच्या बाकावर जाऊन बसलो. "काय म्हणणार आहेस गुरुवारी?"

"तीच चारोळी."

"वेड लागलंय का तुला?"

"त्यात काय आहे? दारात कोण, घरात कोण. सगळी स्तुतीच. शेवटी थांबणार. लोक म्हणतील तो शब्द. यमकात सुलतानसुद्धा बसतो ना? त्यांनी सुलतान म्हणावं."

"आणि कुणीच काही म्हटलं नाही तर?"

तो हसला. ते भगदाडाचं हसू. "चारशे माणसं गप्प बसली, तर सुलतानसुद्धा म्हणवत नाही, असा अर्थ झाला. अबू सुहा, त्याहून मोठी कविता कुठली?"

अल्लाची शपथ सांगतो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ते खरं होतं. भारी होतं. आणि मला सुचलेलं नव्हतं. गुरुवारी अकराच्या ठोक्याला हा भूगोलमास्तर अमर होणार, त्याला आत टाकणार, बायका मसूर शिजवणार, आणि मी टाळ्या वाजवायला भरवशाचा माणूस!

त्याला अडवायला हवं, हे दोस्त म्हणून मनात आलं नाही असं नाही. पण आधी जे मनात आलं ते असं: माणसाचं हसं झालं की त्याला हुतात्मा होता येत नाही. तो थांबेल, सभागृह श्वास रोखेल आणि त्याच क्षणी कुणीतरी काहीतरी फालतू ओरडेल. झालं. फुस्स. चारोळीचा बार फुसका. पुढं वीस वर्षं लोक ती आठवतील आणि फिदीफिदी हसतील.

काय ओरडायचं तेवढं ठरवायचं होतं. घरी आलो तर नजिहानं ताट वाढलं. वांगं. काल तळलेलं, आज भाजलेलं, परवा लोणच्यातलं. "मटण समजून खा," नजिहा म्हणाली, हे ती रोजच म्हणायची. त्या वर्षांत अख्खा इराक वांग्यावर जगला, आणि आमच्याकडे वांग्याला बादिंजान म्हणतात. शान, मान, यजमान, बादिंजान. मी ताटापुढे बसून एकटाच हसलो.

"काय झालं?"

"काही नाही. वाढ अजून."

"बरा आहेस ना?" तिनं माझ्या कपाळाला हात लावला. वांगं मागून घेतलेलं तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं.

गुरुवारी सभागृहात सगळी दुकानं, सगळ्या शाळा, कोर्टातले शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे. हजेरी लागत होती ना! पहिल्या रांगेत कॉम्रेड सबरी आणि शेजारी बगदादहून आलेले दोन सुटातले पाहुणे. मी मुद्दाम मधोमध बसलो, जिथून आवाज कुणाचा हे कळत नाही. चाळीस वर्षं खोड्या काढतोय, जागा कुठली धरायची हे मला शिकवू नका.

पहिल्या कवीनं महानेत्यांना सूर्य केलं. दुसऱ्यानं सूर्याला त्यांचा नोकर केलं. टाळ्या. मग मुझहिर उठला. कोट त्याच्या भावाचा होता, बाह्या लांब. त्यानं कागद काढला नाही.

पहिली ओळ. दुसरी ओळ. माझ्या आजूबाजूला खुर्च्या करकरायच्या थांबल्या, कारण लोकांनी चारोळी ओळखली. कुणीतरी हळूच "या अल्ला" म्हणालं. तिसरी ओळ. समोरच्या रांगेतला न्हावी खुर्चीत खाली खाली सरकू लागला.

"ओळखा पाहू, शेजाऱ्यांनो, कोण हा? हा तर..."

थांबला.

चारशे माणसं. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज. मी मुझहिरकडे बघितलं. वरून ताठ होता, पण भावाच्या कोटाच्या लांब बाह्या त्यानं मुठीत घट्ट धरल्या होत्या. मला दिसलं ते. क्षणभर वाटलं, राहू दे. सोड. त्याचं त्याला मिळू दे.

मग मला मसुराचं सूप आठवलं.

"बादिंजान!" मी ओरडलो.

आता ऐका. मला वाटलं होतं शब्द धोंड्यासारखा पडेल. तो पडला नाही. तो बसला! ताला-सुरात, मापात, जणू मुझहिरनं त्याच्यासाठीच खाच ठेवली होती. दारात कोण, घरात कोण. सकाळी तोच, दुपारी तोच. लेकरांच्या आधी ताटावर. वांगं! मला हसूसुद्धा येईना, इतका मी चाट पडलो. वाढदिवसाच्या दिवशी, बगदादच्या पाहुण्यांसमोर, गावाच्या ताटात काय पडतं ते आम्ही यमकात सांगून मोकळे झालो होतो.

सभागृहात कुणी श्वास घेईना. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून, डोळे मिटलेल्या अवस्थेत, मांडीवर थाप मारून एक आवाज आला.

"अल्लाऽऽह! पुन्हा!"

कॉम्रेड सबरी.

सवय हो, सवय! आयुष्यभराची. चांगली ओळ कानावर पडली की आमच्या माणसाच्या तोंडून 'पुन्हा' निघतं. ते डोक्याला विचारून निघत नाही. कॉम्रेडनी डोळे उघडले तेव्हा शब्द सुटून गेला होता. त्यांचा चेहरा असा झाला की जणू स्वतःच्याच पिस्तुलानं त्यांच्या पायावर गोळी झाडली.

पण पक्षानं 'पुन्हा' म्हटल्यावर जनतेला परवानगी मिळाली की! चारशे माणसं उठली. "पुन्हा! उस्ताद, पुन्हा!" मुझहिरला म्हणावंच लागलं. आणि या वेळी तो थांबला तेव्हा न्हावी, न्यायाधीश, हाजी तुअमा, सगळ्यांनी मिळून छप्पर उडवलं, "बादिंजान!" बगदादच्या पाहुण्यांतला एक जण टाळ्या वाजवत होता. दुसऱ्यानं त्याच्याकडे बघून वाजवायला सुरुवात केली.

मुझहिर माझ्याकडे बघत होता. गर्दीत त्यानं मला बरोबर हुडकलं होतं. ती नजर मी ओळखली. कितीतरी वर्षं मी आरशात तीच बघत होतो.

मग तीन दिवस मी पिशवी भरून घरात. चड्डी, साबण, मोजे. या वेळी हौसेनं नाही. दारावर टकटक झाली की नजिहा पुढे आणि मी गच्चीच्या जिन्यात. ती म्हणायची, "ओरडताना जिना आठवला नाही का रे मेल्या?" पण हळूच हसायची.

चौथ्या दिवशी कोर्टासमोर टेबल टाकलं, तर कॉम्रेड सबरी समोर हजर. छत्रीखाली वाकले, इकडेतिकडे बघितलं आणि स्टुलावर बसले.

"अबू सुहा, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

"वाईट नाही, कॉम्रेड."

"कार्यक्रमाचा अहवाल पाठवायचाय बगदादला. तीन रात्री लिहितोय, जमत नाही." त्यांनी चुरगळलेले कागद काढले. "मुझहिरला आत टाकायचं तर लिहावं लागेल की काय झालं. काय झालं ते लिहायचं तर..." ते थांबले.

मी यमक पूर्ण केलं. "'पुन्हा' कोण म्हणालं तेही लिहावं लागेल."

"हळू बोला!"

तर असा प्रकार. मुझहिरची मान माझ्या टेबलावर पडली होती आणि लेखणी माझ्या हातात. एक वाक्य खरं लिहिलं असतं तर मुझहिर गेला असता. कॉम्रेडही गेले असते, आणि त्यांच्यामागोमाग मीही. कधी नव्हे ते तिघं एका बोटीत.

"बादिंजान ओरडला कोण, काही कळलं?" कॉम्रेडनी विचारलं. डोळे माझ्या डोळ्यांत.

"गर्दी होती, कॉम्रेड."

"हो. गर्दी होती," ते म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं. आयुष्यातला सर्वांत उत्कृष्ट अर्ज. 'भाजीपाला उत्पादनवाढीच्या महानेत्यांच्या हाकेला हिल्लाच्या जनतेनं उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. उस्ताद मुझहिर यांनी अन्नदात्या भूमीचा गौरव करणारी चारोळी सादर केली. पाहुण्यांच्या आग्रहास्तव ती पुन्हा घेण्यात आली.' शेवटी, हात शिवशिवला म्हणून, एक ओळ वाढवली. 'अशा राष्ट्रनिष्ठ कवीचा यथोचित सन्मान व्हावा.'

ती ओळ लिहिताना मला जी मजा आली! दोस्ताचा जीव वाचवला, आणि त्याच लेखणीनं त्याला महिरपीत बसवला.

पंधरा दिवसांनी मुझहिर माझ्या दारात. एका हातात काचेच्या चौकटीतलं सन्मानपत्र, वर महानेत्यांचा हसरा फोटो. दुसऱ्या हातात सरकारी बक्षिसाची गोठवलेली कोंबडी, वितळून टपटप गळणारी.

"हे तू केलंस."

"काय?"

"राष्ट्रनिष्ठ! मला! शाळेत पोरं उभी राहून टाळ्या वाजवतात, अबू सुहा. दात पाडून घेतला मी यासाठी?"

"जिवंत आहेस ना? ये आत. कोंबडी नजिहाकडे दे."

आत येऊन तो बसला. मग पडद्याकडे बघून, आवाज खाली आणून, खरं पोटातलं काढलं. "कॉम्रेड 'पुन्हा' म्हणाले, ते माझ्या चारोळीला. बरोबर?"

"चारोळी त्यांनी याआधी ऐकली नव्हती का? तेव्हा म्हणाले होते पुन्हा?"

"पावणेचार ओळी माझ्या होत्या!"

"आणि छप्पर पाव ओळीनं उडालं."

"चार महिने घासली मी ती. चार महिने! आणि तू जेवणातून उठून येतोस आणि..." त्यानं सन्मानपत्र गुडघ्यावर आपटलं. "भाजी!"

"मस्त वाटतंय ना?" मी विचारलं. "आतून असं खरवडल्यासारखं? बारा वर्षं मी तेच जेवलोय."

कोंबडी मात्र आम्ही तिघांनी मिळून खाल्ली. हाडंसुद्धा चोखली.

आणि शेवटचं तेवढं सांगतो. त्याच उन्हाळ्यात एक दिवस दुपारी हाजी तुअमाकडे बस्राकडचा एक ट्रकवाला चहाला थांबला. गाडी तापली म्हणून. मोठ्या तोंडाचा, घाम पुसत बसलेला. म्हणाला, "तुमच्याकडे ऐकलीय का ही? आमच्या बस्राचा एक कवी आहे, भारी माणूस, त्याची." आणि त्यानं चारोळी म्हटली. पहिल्या तीन ओळींची पार वाट लावलेली. दार नाही, शेजारी नाही, मध्ये कुठूनतरी खजूर घुसलेले. पण शेवटी थांबला आणि डोळा मारून म्हणाला, "बादिंजान!"

चहाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं कुणाची ती. पण खिडकीशी एक अनोळखी माणूस, खबऱ्याच असणार, उलटा पेपर धरून बसला होता, त्यामुळे कुणी बोलेना. मुझहिर पांढराफटक पडला. तोंड उघडलं, मिटलं. माझी काय गत? माझ्या जिभेच्या टोकावर आलेलं, अरे भाड्या, ते वांगं माझं आहे, बस्राचं नाही! आम्ही दोघं एकाच बाकावर, एकाच माणसावर जळत बसलो.

मग हाजीनं आरोळी ठोकली, "पुन्हा!" आणि सगळ्यांनी. नाही म्हटलं तर संशय यायचा. मीही म्हटलं. एकटा मुझहिर गप्प. खिडकीतल्या माणसानं पेपर खाली केला.

मी त्याच्या पायावर पाय दिला. "म्हण की. सगळे बघतायत."

"नाही म्हणणार."

"मुझहिर. म्हण."

त्यानं घसा साफ केला. भगदाडातून हवेसकट शब्द निघाला, "पुन्हा."

तीन ओळी नुसत्या चिंध्या होत्या, म्हणजे ते 'पुन्हा' माझ्याच शब्दाला होतं. बारा वर्षांनी, मुझहिरच्या स्वतःच्या तोंडून! मी हरखून त्याच्याकडे वळलो. पण तो बघत होता ट्रकवाल्याकडे. आणि तो गाढव उठून उभा राहिला, कविता स्वतःचीच असल्यासारखा छातीवर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "उस्ताद, तुमच्यासारख्यानं म्हणावं, यातच आलं सगळं."